फायबर ग्रामपंचायतीत आलं, वाडीत का नाही? राज्याच्या हातात नेमकं काय आहे

प्रश्न राजापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंचा आहे. गावोगाव इंटरनेट नेणाऱ्या केंद्राच्या भारतनेट योजनेचं फायबर त्यांच्या ग्रामपंचायतीत येऊन काही वर्षं झाली, पण ते जिथे येऊन जोडलंय तो भिंतीवरचा डबा वर्षातला बराच काळ बंद असतो. खालच्या वाडीला मोबाइलची रेंजच नाही, वरच्या वाडीत ती येऊन-जाऊन असते. जिल्ह्याच्या बैठकीत त्यांनी विषय काढला, तेव्हा "दूरसंचार हा केंद्राचा विषय आहे, राज्य त्यात काही करू शकत नाही" असं उत्तर मिळालं. ते खरं आहे का, आणि राज्याने ब्रॉडबँडसाठी काही करायचं ठरवलं तर नेमकं काय करावं, असं त्या विचारतात. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत फायबरची आखणी आणि देखभाल यांत माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुम्हाला मिळालेलं उत्तर कायद्याच्या पुस्तकापुरतं बरोबर आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीची ३१वी नोंद टपाल, तार, दूरध्वनी, बिनतारी आणि प्रसारण केंद्राकडे देते. १८८५चा तार कायदा केंद्राचा होता, त्याच्या जागी आलेला २०२३चा दूरसंचार कायदाही केंद्राचाच आहे. परवाने, स्पेक्ट्रम म्हणजे मोबाइलच्या लहरी, दरांवर देखरेख करणारं १९९७ सालचं ट्राय हे प्राधिकरण, यांतल्या कशालाही मंत्रालयातून हात लावता येत नाही.

पण तीच अनुसूची पुढे वाचा. रस्ते राज्य सूचीत आहेत. जमीन राज्य सूचीत आहे. ग्रामपंचायत, नगरपंचायत, जिल्हा परिषद राज्याच्या कायद्यांनी चालतात. वीज समवर्ती सूचीत आहे आणि तुमच्या वाडीतला विजेचा खांब ज्या महावितरणचा, ती कंपनी राज्य सरकारच्या मालकीची आहे. फायबर जातं रस्त्याच्या कडेने, नाहीतर खांबावरून. त्याच्या टोकाचा डबा चालतो विजेवर. तो ठेवलेला असतो ग्रामपंचायतीच्या खोलीत. म्हणजे परवाना दिल्लीचा असला, तरी लाइन चालू राहणार की नाही हे ज्या गोष्टींवर ठरतं, त्या जवळपास सगळ्या राज्याच्या ताब्यात आहेत. कोकणात तर हे फार प्रकर्षाने दिसतं, कारण आपल्याकडे फायबर टाकणं अवघड आहे आणि टाकलेलं टिकवणं त्याहून अवघड.

खोदाईच्या परवानगीपासून सुरुवात करतो, कारण वर्षं वाया जातात ती इथे. केंद्राने २०१६मध्ये मार्गाधिकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून केबल नेण्याच्या हक्काचे, नियम केले. केबल जमिनीखालून न्यायची असेल तर रस्त्याच्या मालकाने ठरलेल्या मुदतीत परवानगी द्यावी किंवा कारण देऊन नाकारावी, प्रशासकीय शुल्क किलोमीटरमागे १,००० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नये, रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च तेवढा वेगळा घ्यावा, असं त्यात होतं. २०२२मध्ये गतिशक्ती संचार नावाचं ऑनलाइन पोर्टल आलं. नव्या कायद्याखालचे २०२४चे नियम १ जानेवारी २०२५पासून लागू झाले. कागद चांगले आहेत. पण अर्जावर सही करतो तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा कार्यकारी अभियंता, जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, नगरपंचायतीचा मुख्याधिकारी, कुठे वनखातं. एकाच पंधरा किलोमीटरच्या मार्गावर हे सगळे भेटू शकतात, आणि एकाची परवानगी राहिली की बाकीच्यांच्या परवानग्या नुसत्या फायलीत पडून राहतात.

त्यात आपलं हवामान. कोकणात जून ते सप्टेंबर रस्ता खोदता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तीन हजार मिलिमीटरच्या पावसात उघडा चर म्हणजे रस्ताच वाहून जायचा. आता साधारण कॅलेंडर काय असतं ते बघा. दिवाळीनंतर अर्ज जातो. संयुक्त पाहणी जानेवारीत. रस्ता पूर्ववत करण्याची रक्कम किती याचं पत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं. बँक हमी भरून कामाचा आदेश हातात येईपर्यंत एप्रिल उजाडतो. मे महिन्यात तोच विभाग पावसाआधीचं डांबरीकरण उरकत असतो, त्यामुळे नव्या डांबरावर कुणी खोदू देत नाही. सात जूनला पाऊस. एक वर्ष गेलं. यात कुणी लाच मागितली नाही, कुणी अडवणूक केली नाही, तरीही वर्ष गेलं. पुण्या-नाशकासाठी आखलेली मुदत कोकणाला लावली की असं होतं.

राज्याला इथे केंद्राची परवानगी लागत नाही. कोकण विभागासाठी एक शासन निर्णय काढून वेळापत्रक उलटं करता येईल: अर्ज आणि पाहणी जून ते सप्टेंबरमध्ये, रकमेचं पत्र घटस्थापनेपर्यंत, आणि दसऱ्यानंतर पहिल्या दिवसापासून खोदाई. पावसाळ्यात अभियंत्यांना रस्त्याची कामं कमी असतात, पाणी कुठून वाहतं तेही त्याच दिवसांत डोळ्यांना दिसतं, म्हणजे चर कुठून न्यायचा नाही हेही आपोआप ठरतं. माझ्या मते एवढा एक बदल बाकीच्या अर्ध्या सुधारणांइतकं काम करेल.

मग येतो जांभा, कोकणातला तांबडा खडक. फायबरचा चर सर्वसाधारणपणे १.६५ मीटर खोल असावा अशी पद्धत आहे. मातीत हे सोपं आहे. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, ब्रेकर लावल्याशिवाय हात-दीड हात खाली जाता येत नाही. खडकात कमी खोली चालते, पण तेव्हा लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचं आवरण द्यायचं असतं. कंत्राटाचे पैसे किलोमीटरवर मिळत असतील, तर आवरण राहून जातं आणि केबल साइडपट्टीत वीतभर मातीखाली झोपते. पहिल्याच मे महिन्यात गटार साफ करायला जेसीबी येतो आणि ती उचकटून जाते. केबल तुटली की शोधायचं कुणी, जोडायची कुणी, आणि जेसीबीवाल्याकडून खर्च घ्यायचा कुणी, या तिन्ही प्रश्नांना उत्तर नसतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात हे वर्षानुवर्षं चाललं. पनवेलपासून झारापपर्यंत रस्ता उकरला जात होता आणि त्या रस्त्याच्या कडेलाच जिल्ह्याजिल्ह्यांच्या मुख्य केबल होत्या. सकाळी बँक बंद, दुपारी तहसील कार्यालय बंद, कारण कुठेतरी वीस किलोमीटरवर पोकलेन लागलेला.

२०२३च्या मार्चमध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं, केबलवाल्याने येऊन जागा दाखवायची. कल्पना उत्तम आहे. पण ते कळवणं बंधनकारक करायचं तर रस्त्याच्या आणि पाणी योजनेच्या निविदेत अट हवी, आणि त्या निविदा राज्य काढतं. "आगाऊ कळवल्याचा पुरावा नसेल तर बिलातून केबल दुरुस्तीचा खर्च कापला जाईल" हे एक वाक्य सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद आणि जीवन प्राधिकरणाच्या प्रत्येक निविदेत घाला. जलजीवनच्या नळांसाठी गावोगाव झालेल्या खोदाईत हे वाक्य असतं, तर किती केबल वाचल्या असत्या! त्याचबरोबर जो रस्ता नव्याने होतोय त्याच्या कडेला रिकामा डक्ट, म्हणजे पुढे केबल ओढायचा पाइप, आधीच टाकून ठेवावा. समाईक डक्टची तरतूद केंद्राच्या नव्या कायद्यातही आहे. रस्ता करतानाच पाइप टाकण्याचा खर्च, रस्ता झाल्यावर पुन्हा फोडून टाकण्याच्या तुलनेत नगण्य असतो.

आता ज्या मुद्द्यावर कोकणातल्या बैठकांत फारसं कुणी बोलत नाही त्याकडे येतो, तो म्हणजे खाड्या.

नकाशा समोर घ्या. मुख्य फायबर महामार्गाने उत्तर-दक्षिण जातं. तिथून पश्चिमेला फाटे फुटतात: मंडणगड-बाणकोट, खेड-दापोली, चिपळूण-गुहागर, हातखंबा-रत्नागिरी, राजापूर-जैतापूर, कणकवली-देवगड, कसाल-मालवण. प्रत्येक फाटा समुद्रापाशी जाऊन संपतो. म्हणजे फाट्यावर मध्ये कुठेही केबल तुटली, की पुढची सगळी गावं अंधारात. दुसरीकडून डेटा आणायला वाटच नसते. भारतनेटच्या पहिल्या टप्प्याची रचनाही अशी सरळ रेषेतली होती. तालुक्याच्या एक्स्चेंजमधून एक धागा निघाला, वाटेत स्प्लिटरने वाटला गेला आणि ग्रामपंचायतीत संपला. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला, त्यात ही चूक मान्य करून रिंगची रचना स्वीकारली: ग्रामपंचायती वर्तुळात जोडायच्या, एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने डेटा फिरेल.

घाटमाथ्यावर रिंग काढणं कठीण नाही. किनाऱ्यावर मात्र दोन शेजारचे फाटे जोडायचे तर मध्ये खाडी येते. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला अर्जुना, विजयदुर्गला वाघोटण. जिथे पूल आहे तिथे पुलाच्या कडेने पाइप बांधून केबल नेता येते. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ इथे माणसं आणि गाड्या फेरीबोटीने जातात. केबलला फेरीबोट नाही. मग कागदावर रिंग पूर्ण करण्यासाठी दोन्ही धागे त्याच एका रस्त्यातून, त्याच चरातून परत आणले जातात. अशा रिंगचा एका जेसीबीपुढे काहीही उपयोग नाही, कारण दोन्ही बाजू एकाच घावात तुटतात. तुमच्या तालुक्याचा आराखडा कधी पाहायला मिळाला तर एवढंच विचारा: रिंगच्या दोन बाजू वेगवेगळ्या रस्त्यांनी जातात का?

रेवस-रेड्डी सागरी महामार्गावरच्या खाडीपुलांची कामं रस्ते विकास महामंडळाने हाती घेतली आहेत, आणि मी तळमळीने सांगतो ते त्यासाठीच. महामंडळ राज्याचं आहे. पुलाच्या पदपथाखाली चार-सहा डक्ट आत्ता ठेवले तर दापोलीचा फाटा गुहागरला, गुहागरचा रत्नागिरीला किनाऱ्यानेच जोडला जाईल. पूल झाल्यावर मागाहून पाइप टांगायचा म्हणजे पुन्हा परवानग्या, आणि खाऱ्या वाऱ्यात काही वर्षांत गंजलेले क्लॅम्प. आराखड्यात आज एक ओळ घालण्याची गोष्ट आहे. ही संधी गेली तर पुढची पिढी हाच प्रश्न विचारत राहील.

विजेबद्दल. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२०ला श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीच्या अनेक गावांत त्यानंतर आठवडे वीज नव्हती. लोकांना वाटतं वाऱ्याने टॉवर पडले म्हणून फोन गेले. बहुतेक टॉवर उभे होते. बॅटरी काही तासांत संपते, मग डिझेल जनरेटर, आणि डिझेल नेणारी गाडी आडव्या पडलेल्या झाडांमागे अडकलेली. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ गेलं, त्याच जुलैत २२ तारखेला चिपळूण बुडालं आणि महाडजवळ तळियेवर दरड कोसळली. ज्या वेळी एक फोन लागण्यावर माणसांचे जीव अवलंबून होते, त्याच वेळी फोन लागत नव्हते. हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही.

आपत्तीच्या काळात एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून बोलू देण्याची सोय आहे, ती केंद्राच्या आदेशाने सुरू होते. पण तो टॉवर चालू हवा ना! त्यासाठी राज्याने करायच्या गोष्टी साध्या आहेत. वादळानंतर महावितरण ज्या क्रमाने फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, सुरू करतं, त्या यादीत रुग्णालय आणि पाणी योजनेच्या शेजारी टेलिफोन एक्स्चेंज आणि मुख्य टॉवर असावेत. रस्ता मोकळा करणाऱ्या पथकाला कुठल्या टॉवरकडे जाणारा रस्ता आधी उघडायचा याची यादी मे महिन्यातच मिळावी. आणि ग्रामपंचायतीतल्या डब्याला बॅटरी व सौर पॅनेल मिळालं होतं त्याचं काय झालं, हे दरवर्षी पावसाआधी कुणीतरी जाऊन बघावं. तुमचा डबा बंद असण्याचं कारण बहुधा फायबर नसून मेलेली बॅटरी असेल. मी पाहिलेल्या बंद डब्यांमध्ये हे कारण इतक्या वेळा निघालं, की आता तपासणी मी तिथूनच सुरू करतो.

वाड्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं मूळ मोजणीत आहे. कंपन्या आणि सरकारी योजना दोघेही माणसं मोजतात. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार आणि सिंधुदुर्गची साडेआठ लाखांच्या आत होती. दोन्हीकडे ती आधीच्या दहा वर्षांपेक्षा घटलेली. घटत्या वस्तीत गुंतवणूक कोण करणार? पण ती मोजणी फेब्रुवारीतली. फेब्रुवारीत अर्धी घरं कुलपात असतात. शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत त्याच वाडीत चाकरमान्यांनी घरं भरतात, सगळे टॉवर गुदमरतात आणि व्हिडिओ कॉल सोडाच, साधा फोनही लागत नाही. राज्याने कोकणासाठी लोकसंख्येऐवजी घरं हा निकष घ्यावा. घरांची नोंद नव्याने करायची गरज नाही. ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या नमुना ८मध्ये, घरपट्टीच्या रजिस्टरात तयार आहे. शिवाय वाडीतलं लाइन चालू असलेलं घर हेच चाकरमान्याला दोन महिने जास्त गावात ठेवू शकतं. २०२०च्या टाळेबंदीत मुंबईहून आलेली किती मुलं काम करायला तयार होती, आणि रेंजसाठी डोंगरावर चढून बसत होती, हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

वाडीपर्यंतचा शेवटचा टप्पा कुणी करावा, याबद्दल माझं मत ठाम आहे: स्थानिक केबलवाल्याने. तालुक्याच्या ठिकाणाहून मोटारसायकलवर येऊन, पावसात शिडी लावून तार जोडणारा तोच आहे. त्याला कुठल्या घराची लाइन कुठल्या फणसावरून गेली तेही माहीत असतं. आज तो महावितरणच्या खांबावर बिनपरवाना तार टाकतो, कारण परवाना मागायला गेला तर एकेका खांबाचं भाडं आणि कागदपत्रं त्याला झेपत नाहीत. मग कधीतरी मोहीम निघते आणि तारा कापल्या जातात. महावितरणने छोट्या सेवादारांसाठी ग्रामीण खांबाचा नाममात्र दर ठरवावा, तारेची उंची आणि विजेच्या तारेपासूनचं अंतर यांचे नियम घालावेत, आणि नोंद झालेल्याला अभय द्यावं. जमिनीखालची केबल टिकाऊ असते हे मान्य; पण दरडीच्या रस्त्यावर उतारासकट तीही जाते, आणि ती पुन्हा टाकायला महिना लागतो. खांबावरची तार वादळात पडते, माकडं झोके घेऊन तोडतात, तरी दुसऱ्या दिवशी दोन माणसं ती परत चढवतात. म्हणून मुख्य मार्ग जमिनीखालून आणि वाडीचा मार्ग खांबावरून, अशी सरमिसळ मला कोकणासाठी बरी वाटते.

केरळने हे मोठ्या प्रमाणावर केलं आहे. तिथेही पाऊस, खाड्या आणि विखुरलेली घरं आपल्यासारखीच. राज्याच्या वीज मंडळाच्या यंत्रणेचा आधार घेऊन त्यांनी के-फॉन हे राज्याचं स्वतःचं फायबरचं जाळं उभारलं आणि ५ जून २०२३ला त्याचं उद्घाटन केलं. त्यात अडचणी आल्या, काम लांबलं, खर्चावरून वाद झाले. तरीही राज्य स्वतःच्या खांबांचा असा उपयोग करू शकतं हे तिथे दिसलं. महाराष्ट्रानेही भारतनेटच्या दुसऱ्या टप्प्यात महानेट नावाने हे काम स्वतःच्या महाआयटी कंपनीमार्फत केलं, म्हणजे अनुभव आपल्याकडे आहे. उणीव आहे ती काम झाल्यानंतरच्या जबाबदारीत.

उपग्रहाच्या इंटरनेटबद्दल लोक हल्ली फार विचारतात. नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव यांचा उल्लेख होता. कोकणातल्या तुटक वाड्यांना, आपत्तीच्या वेळी आरोग्य केंद्रांना त्याचा उपयोग होईल, आणि आपले आमदार-खासदार त्यासाठी आग्रह धरोत. पण गर्द झाडीत आभाळाचा मोकळा तुकडा लागतो, आणि घरगुती दर वाडीला परवडायला हवा. फायबरचा प्रश्न टाळायला ते कारण म्हणून वापरलं जाऊ नये.

आता पैशांचं. कंपन्या आपल्या समायोजित उत्पन्नाचा पाच टक्के हिस्सा केंद्राच्या निधीत भरतात, पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा निधी म्हणत, आता डिजिटल भारत निधी. भारतनेट त्यातूनच चालतं. सुधारित कार्यक्रमात उभारणीबरोबर दहा वर्षांची देखभालही त्याच ठेकेदाराकडे आहे. हे पूर्वीपेक्षा फार चांगलं आहे, कारण केबल उथळ टाकणाऱ्यालाच ती पुढे जोडत बसावं लागेल. पण देखभालीचे पैसे लाइन चालू असल्याच्या वेळेवर मिळाले पाहिजेत, आणि ती वेळ कशी मोजतात इकडे लक्ष हवं. लाइन ९५ टक्के वेळ चालू, हे ऐकायला छान वाटतं. वर्षाचे पाच टक्के म्हणजे १८ दिवस. ते सगळे जुलै-ऑगस्टमध्ये सलग आले तरी वर्षाचा हिशेब बरोबर दिसतो, आणि नेमका पुराच्या दिवसांत तुमचा डबा बंद असतो. राज्याने स्वतः शाळा, आरोग्य केंद्रं, तलाठी कार्यालयं, रेशन दुकानांसाठी जी जोडणी विकत घ्यायची, तिच्या करारात पावसाळ्याच्या चार महिन्यांचा हिशेब वेगळा आणि महिन्यागणिक मागावा. जिल्ह्यातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक राज्य सरकारच आहे. किलोमीटरचे पैसे देणं थांबवून चालू तासांचे पैसे देण्याचा अधिकार त्याला आजही आहे.

तुमच्या गावापुरतं काय करायचं ते सांगतो. आधी डबा कुणाचा ते ठरवा: त्यावर मालमत्ता क्रमांक असतो. पहिल्या टप्प्यातला असेल तर बीएसएनएलकडे, महानेटचा असेल तर महाआयटीकडे तक्रार करा. चुकीच्या दारात दिलेली तक्रार वर्षभर फिरत राहते. मग वीज आणि बॅटरी तपासा. ती ठीक असेल आणि डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर फायबर तुटलंय किंवा सिग्नल फार कमी येतोय. तंत्रज्ञ आला की सिग्नल मोजायच्या मीटरवरचं डीबीएममधलं रीडिंग लिहून घ्या. उणे २७च्या पलीकडे, म्हणजे उणे २८-३० असेल तर वाटेत कुठलातरी जॉइंट खराब आहे, डबा बदलून काही होणार नाही. डबा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बंद, ही नोंद ग्रामसेवकांना सांगून एका वहीत ठेवा. बैठकीत "नेहमीच बंद असतो" या वाक्याला किंमत नसते, तारखांना असते.

टॉवरसाठी कंपनी आली तर अवाच्या सव्वा कर लावायचा मोह टाळा. डिसेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असं म्हटलं होतं, पण २०२३च्या कायद्याने दूरसंचार जाळं त्या जागेच्या मालमत्तेपासून वेगळं धरलं आहे, त्यामुळे त्या उत्पन्नावर अंदाजपत्रक उभं करू नका. त्याऐवजी जागा देताना दुसऱ्या कंपनीलाही त्याच टॉवरवर येऊ देण्याची आणि बॅटरीच्या तासांची अट लेखी घ्या.

आणि ठराव करा. त्यात वाडीवार घरांची संख्या नमुना ८वरून लिहा, बंद दिवसांची वही जोडा, तुमच्या हद्दीतल्या कुठल्या रस्त्याचं काम यंदा मंजूर आहे ते लिहून त्याच्या अंदाजपत्रकात डक्ट घालण्याची मागणी करा. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, बांधकामच्या कार्यकारी अभियंत्यांना आणि खासदारांच्या अध्यक्षतेखालच्या दिशा समितीला पाठवा; भारतनेटचा आढावा तिथे घेतला जातो आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवावं लागतं. राज्य पातळीवर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली ब्रॉडबँड समिती आहे, जिल्ह्याने दाद दिली नाही तर एक प्रत तिकडेही. आजूबाजूच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून, एकाच फाट्यावरच्या म्हणून, एकत्र ठराव दिला तर फार बरं, कारण केबल तुटते तेव्हा सगळ्यांची एकदमच जाते. तो ठराव गणपतीच्या आधी गेला पाहिजे, म्हणजे दसऱ्यानंतरच्या खोदाईत तुमचा रस्ता धरता येईल.